बाटलीत वाढलेली नासपती

३ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तिकीट काढलं. बारा एप्रिलला निघते, तेराला दुपारी तुझ्यापाशी. नऊ वर्षांनी येतेय आणि चौदा दिवस हलणार नाही, तेव्हा वहिनीला सांग, पाहुणी समजून चांगल्या चादरी काढू नकोस. फोन करून हे सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं 'बरंय ना', 'बरंय'च्या पुढे कधी सरकत नाही. पत्रात तू बोलका असतोस.

तुझ्यासाठी एक बाटली आणतेय. साधी नाही. माझ्या बाइंडिंगच्या दुकानामागे नासपतीची बाग आहे, आणि बागवालीण बाई त्याच फळांची दारू गाळते. रीतसर परवाना आहे तिच्याकडे. मागच्या वर्षी बोटाच्या पेराएवढी फळं धरली, तेव्हा तिने रिकाम्या बाटल्या फांद्यांना बांधल्या, एकेका बाटलीत एकेक फळ. एक बाटली मी बांधली, तुझ्या नावाने. मग दोन-अडीच महिने जेवणाच्या सुट्टीत मी झाडाखाली जाऊन बसायचे. वारा आला की सगळ्या बाटल्या हलायच्या आणि आतली हिरवी फळं झोपेत कूस बदलल्यासारखी वळायची. तुझी नासपती काचेच्या आतच मोठी झाली, दादा. तिला बाहेरचा वारा कधी लागलाच नाही. पिकल्यावर बाईने देठ कापला आणि बाटली दारूने भरली. आता ती माझ्या खिडकीत आहे. सकाळचं ऊन तिच्यातून टेबलावर पडतं, तेव्हा कागद कापायचं सोडून मी बघत बसते.

नियम सगळे वाचलेत. हातातल्या पिशवीतून नेता येत नाही, म्हणून मोठ्या बॅगेतून आणेन. बाटली सीलबंद हवी, लेबल हवं, आणि दारू ठरावीक मर्यादेपेक्षा कडक नको. सगळ्यात बसते. तूच लिहिलं होतंस ना, की दिवसभर बोटींसाठी पूल उचलून झाला, शेवटची बोट पार झाली आणि पूल खाली आला, की तू पुलावरच्या केबिनमध्ये एक पेला घेतोस. त्या पेल्यासाठी ही.

तुझा लोभ आहेच. परत जाताना बॅगेत मावेल तेवढा नेईन.

तुझी,
खारू


१९ मार्च

चि. खारूस,
अ. आ.

तू येतेस हे वाचून तुझ्या वहिनीने चांगल्या चादरी आधी काढल्या आणि पत्र मग वाचून संपवलं. तेव्हा त्याचं काही करता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. पहाटे नदीवर धुकं असतं. पुलाचा मधला भाग वर उचलला गेला की तो धुक्यात नाहीसा होतो, आणि बोटी कशाखालून जातायत तेच दिसत नाही. नुसता भोंगा ऐकू येतो. अशा वेळी वाटतं, नदी जागच्या जागी आहे आणि आपणच हळूहळू वाहत चाललोय.

बाटलीचं म्हणशील तर उगाच ओझं कशाला? बॅगा कशा फेकतात ते मी पाहिलंय. एक काच फुटली की तुझे सगळे कपडे दारूने भिजतील आणि चौदा दिवस तू आमच्या घरात दारूच्या दुकानासारखी वावरशील. शिवाय उंचावर हवेच्या दाबाने बूच उडतं असं ऐकलंय. शिवाय तुला मध्ये विमान बदलायचंय, तिथे बॅग राहिली तर? शिवाय कस्टमवाले. फळ घातलेली दारू म्हणजे फळ की दारू, यावर ते तुला तासभर उभी करतील. त्यापेक्षा तू बांधलेली एक कोरी वही आण. तुझ्या हातची शिवण कित्येक वर्षांत पाहिली नाही.

बाकी भेटीत बोलूच. वहिनीचे आशीर्वाद. माझे तर न मागता मिळतातच.

दादा


२६ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझे चार 'शिवाय' मोजले. आता एकेकाचा समाचार घेते.

काच फुटणार नाही, कारण बाटली आधी लोकरी स्वेटरमध्ये, मग गोधडीत, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात जाईल. खोकं मी स्वतः बांधलंय, आणि वीस वर्षांत माझी एक शिवण उसवलेली नाही. बूच उडणार नाही. बाईने वर लाखेचं सील केलंय. बॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत थेट येते. आणि फळ की दारू हे विचारलंच तर सांगेन, दोन्ही, भावासाठी आणलेलं.

वही तर आणतेच आहे. पण दादा, तू लहानपणापासून असाच. हवं असलेलं काही समोर आलं की आधी चार कारणं सांगून हात मागे घेतोस. तुझ्या पत्रात 'नको' हा शब्द शोधला, सापडला नाही. म्हणजे घोडं कुठे अडलंय?

वहिनीला नमस्कार. तुझ्या मायेची सवय मोडली नाहीये, एवढं ध्यानात असू दे.

खारू


३ एप्रिल

चि. खारूस,
अ. आ.

तुला 'नको' शब्द सापडला नाही, कारण तो लिहायला मी घाबरलो. आज लिहितो. टपाल आठवड्यात पोहोचतं, म्हणजे तू निघायच्या आत हे तुझ्या हातात पडेल.

मी पुलावर नाही. चार वर्षं झाली. मी दारू घेत नाही, त्यालाही तेवढीच.

एकदा जेवणानंतर मी केबिनमध्ये तीन पेले घेतले आणि खुर्चीत डुलकी लागली. एक मालाची होडी आली. नावाड्याने भोंगा दिला, मी उठलो, पूल उचलला. होडी पुरती पार झाली की नाही हे न बघता तो खाली घेतला. नावाडी मागे उभा राहून दोरी सोडवत होता. त्याचा उजवा हात पूल आणि होडीच्या डोलकाठीमध्ये सापडला. जीव वाचला. पण त्याची दोन बोटं आजही वळत नाहीत.

चौकशी झाली, मी खरं ते सांगितलं. मला काढून टाकलं नाही, पण पुलावरून उतरवलं. आता काठावरच्या शेडमध्ये, बोटींना वाट कळावी म्हणून नदीत तरंगत सोडतात त्या पिंपांना रंग देतो. तुला धुक्याबद्दल, बोटींबद्दल लिहितो ते शेडच्या खिडकीतून दिसतं तेवढंच. ते खोटं नव्हतं. पण तू मला केबिनमध्ये बसवून वाचत होतीस आणि मी तुला तसं वाचू दिलं.

नावाड्याला मी त्यानंतर भेटलेलो नाही. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. काय बोलायचं ते सुचेना, परत फिरलो.

म्हणून खारू, ती बाटली नको. तू ती झाडावर बांधलीस, तिच्याखाली बसलीस, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तरी नको.

तू मात्र ये. नक्की ये.

दादा


२८ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

काल पोहोचले. दार उघडलं तर जमिनीवर टपालाचा ढीग, आणि त्यात तुझं तीन तारखेचं पत्र. माझ्यामागे कधीतरी आलं असणार. बॅग तशीच ठेवून दाराशी उभ्या उभ्या वाचलं आणि मग तिथेच खाली बसले.

म्हणजे मी तुझ्याकडे येत होते, आणि तुझं पत्र वाटेत कुठेतरी माझ्याजवळून गेलं. त्या दिवशी विमानाच्या खिडकीतून खाली नुसते ढग होते, आणि मी मनात म्हणत होते, की पायाखाली सामानाच्या काळोखात, गोधडीत गुंडाळलेली एक नासपती झोपलीय आणि तिला ठाऊकही नाही ती किती उंचावर आहे. इतकी खुळ्यासारखी सुखात होते मी.

उतरल्यावर कस्टममध्ये माझी बॅग उघडायला लावली, हे तुला सांगितलं होतं. तिथल्या अधिकारी बाईने विचारलं, कुणासाठी, हे नव्हतं सांगितलं. मी म्हणाले, माझा भाऊ पूल उचलतो, त्याच्यासाठी. हे सांगताना माझी मान जरा ताठच होती. आता आठवलं की कसंतरी होतं.

चौदा दिवसांतल्या सगळ्या गोष्टींचा अर्थ आता लागतोय. रोज संध्याकाळी मी म्हणायचे, उघड ना, आणि तू म्हणायचास, उद्या. वहिनी तेवढ्यात काहीतरी आणायला आत जायची. पुलाकडे फिरायला गेलो, तेव्हा केबिनमधल्या मुलीने तुला हात केला आणि तू मान खाली घातलीस. तू रजेवर आहेस म्हणून ओशाळलास असं मला वाटलं. आणि तुझ्या नखांतला लाल रंग. मी त्यावरून तुझी थट्टा केली होती, दादा.

तू सांगितलं का नाहीस? मी चिडले नसते. आताही चिडलेली नाही. फक्त ती बाटली तुझ्या घरात ठेवून आले याने जिवाला चैन नाही. नदीत टाक. बागवालीण बाईला मी काय सांगायचं ते सांगेन.

लवकर लिही. दोन ओळी चालतील. लोभ कमी झाला नाही एवढं एका ओळीत लिही, दुसरीत काहीही.

खारू


११ मे

चि. खारूस,
अ. आ.

लोभ कमी झाला नाही. ही पहिली ओळ. आता दुसरी लांबणार आहे.

तू बॅगेतून ते खोकं काढलंस, तेव्हा मला वाटलं, पत्र वाचूनही ही घेऊन आली. क्षणभर राग आला. पण तू स्वेटरच्या बाह्या एकेक करून सोडवत होतीस, तेव्हा तुझा चेहरा बघितला आणि कळलं, हिला पत्र मिळालेलंच नाही. मग सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. पण तू इतकी खुशीत होतीस, आणि चार वर्षांनी कुणीतरी मला केबिनमधला माणूस समजून बघत होतं. ते मला सोडवेना. तुझ्या वहिनीलाही मीच गप्प केलं होतं. तिने ते मला अजून माफ केलेलं नाही.

प्यावीशी वाटली का, हे तू विचारलं नाहीस, पण सांगतो. दुसऱ्या दिवशी वाटली आणि नवव्या. दोन्ही वेळा उठून शेडमध्ये गेलो आणि सुट्टी असून एक पिंप रंगवलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाटली घेऊन नदीवर गेलो. टाकायलाच. काठावर उभं राहून ती उन्हात धरली, तर नासपती अशी दिसत होती की जणू तिच्या आतच दिवा आहे. हात पुढे होईना. आणि माझे पाय नावाड्याच्या घराकडे वळले. ठरवून नाही, खरंच नाही.

दार त्यानेच उघडलं. मी नुसती बाटली पुढे केली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, एवढ्याशा तोंडातून हे फळ आत गेलं कसं.

खारू, चार वर्षं मी जे पहिलं वाक्य शोधत होतो, ते त्याने मला आयतं दिलं. मी त्याला तुझी बाग सांगितली. फांद्यांना बांधलेल्या बाटल्या, वारा, तुझी जेवणाची सुट्टी. तो ऐकत होता. केव्हातरी त्याने मला आत बसायला सांगितलं. बाग संपली तशी मी त्या दुपारबद्दल बोललो. तीन पेले, डुलकी, सगळं. तो म्हणाला, चौकशीचा कागद त्याने वाचलाय, तेव्हा नवीन काही नाही. फक्त ते माझ्या तोंडून ऐकायची तो वाट बघत होता. मग म्हणाला, हातामुळे राग येतो तो येतोच, तो काही आज जाणार नाही.

मी म्हणालो, बरोबर आहे.

बूच त्याला निघेना. बोटांत जोर नाही. त्याने बाटली माझ्याकडे सरकवली. मी लाख खरवडली, बूच काढलं. वास वर आला, आणि खोटं कशाला सांगू, डोळे मिटले माझे. एक बाग दिसली, जिथे मी कधी गेलेलो नाही. मग एक पेला भरला, एकच, आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या बायकोने मला चहा दिला. त्याने घोट घेतला, कडक आहे म्हणाला, आणि पेला खिडकीच्या उजेडात धरला.

निघताना त्याने विचारलं, शेडमध्ये रंग देतोस ना. त्याची होडी काठावर ओढून ठेवलीय, एका हाताने खरवडणं जमत नाही. दर रविवारी जायचं ठरलंय. एकच झालाय. आज. आम्ही फार बोलत नाही. तो डाव्या बाजूने खरवडतो, मी उजव्या.

पत्र होडीच्या सावलीत बसून लिहिलंय, तेव्हा कागदाला निळा रंग लागलाय तो पुसू नकोस. तुझ्या वहिनीला त्याच चांगल्या चादरी पुन्हा काढायची घाई आहे, म्हणजे लवकर परत ये, असं समज.

तुझा,
दादा