बटईची बकरी

तुझ्या बकऱ्यांवर माझं पोट आजही चालतं, माय. फरक इतकाच की मी त्यांना चारत नाही. दिवसभर खुर्चीत बसते आणि आजारी शेळीच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यात जो विषाणू सापडतो, त्याची अक्षरं कॉम्प्युटरवर वाचते. अक्षरं चारच, पण हजारोंनी, पुन्हा पुन्हा येणारी. एका शेळीतल्या विषाणूची अक्षरं दुसरीतल्याशी ताडून पाहायची, कुठे बदल झाला ते शोधायचं. बदल जितके कमी, तितकं नातं जवळचं. या नात्यांवरून रोग कुठल्या गावातून कुठल्या गावाला गेला ते सांगता येतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "म्हनजे सोयरिकी जुळवतेस, अखीन काय." बरोबर आहे, तेच करते. त्यावर मला डॉक्टर म्हणतात, आणि गावी गेले की बायका गुडघेदुखीची गोळी मागतात.

नव्याण्णव सालचा तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तू रोवण्याहून, धानाच्या लावणीहून, परत येते आहेस. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या धानात चिखल तुडवून आमच्या सालेकशाकडच्या बायका टेम्पोनं घरी यायच्या. त्या वर्षी तुझ्यासोबत टेम्पोतून एक करडी बकरीही उतरली. तिकडे सगळं धानच, चारायला रान नाही, म्हणून तिथले मालक आपल्या बकऱ्या आमच्याकडे बटईनं देत. बकरी मालकाची, सांभाळायची आम्ही, पिल्लं निम्मी-निम्मी. तिच्या डाव्या कानाला दोन खाचा होत्या, मालकाची खूण. मी अकरावीत, नुकती शिंगं फुटलेली. शेजारणीला ऐटीत सांगितलं, आमची नवी बकरी. तू तिथेच, सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसलीस. "आपली काऊन म्हनतेस? पिल्लं निम्मी आपली, बकरी त्यायची. कोनी बी पुसलं त मालकाचं नाव सांगाचं, मालकाचं गाव सांगाचं. नाई त उद्या कोनी बटईनं देनार नाई." मला भयंकर अपमान वाटला. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि तुला ते कळलंसुद्धा नाही.

मग नाकं वाहू लागली. आधी त्या करडीचं, मग आपल्या घरच्या दोन बकऱ्यांचं, मग शेजारच्या गोठ्यातल्यांचं. तोंडात फोड, हगवण, आणि बकऱ्या उभ्या राहीनात. करडी मेली तेव्हा तू तिचा कान कापून मीठ लावून वाळवलास, मालकाला दाखवायला, विकून खाल्ली असं कुणी म्हणू नये म्हणून. मालक काही बोलले नाहीत. बोलल्या त्या आपल्याच मोहल्ल्यातल्या. "तुह्याच दारातून आलं हे." ज्या बायकांसोबत तू मोहफुलं वेचायला जायचीस, त्या तुला न बोलावता रानाकडे निघायच्या. तू चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता कुणाला तरी उत्तर द्यायचीस, "माह्या दारातून काई गेलं नाई." घरात ऐकायला मी एकटीच होते, आणि माझा तर तुझ्यावर काही आरोप नव्हता.

तू गेल्यानंतर मी नागपूरला शिकले, आणि पीएचडीला हाच रोग घेतला. सगळ्यांना वाटलं, केवढी शास्त्राची ओढ. ओढ कसली, मला त्या बायकांना उत्तर द्यायचं होतं. जनावरांच्या दवाखान्यांमधून नमुने मागवले. नमुन्याच्या नळीवर मालकाचं नाव आणि गाव लिहून पाठवा, असं मीच कळवलं होतं. अक्षरं जुळवली, नकाशा काढला, आणि नकाशात एक नवल दिसलं. सालेकशाकडचा विषाणू आणि इटियाडोहकडचा विषाणू जवळजवळ एकच, पण मधल्या गावांत त्याचा मागमूस नाही. रोगानं उडी मारली कशी? सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, उत्तर काढलं: जंगल. हरणं, चितळं रोग वाहत असणार. माझ्याही डोक्यात ते चपखल बसलं. लेख तयार झाला. सरांकडून ते अधिकाऱ्यांच्या कानावर गेलं आणि गोंदियाला बैठक ठरली. रानात बकऱ्या चारायची बंदी करायची, निदान काही वर्षं. नकाशा मी दाखवायचा होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी मावशीकडे गेले. तिला आधीच सांगावं, निदान माझ्या तोंडून कळावं, इतकीच अक्कल होती. तुझ्या बहिणीचं तोंड तुला माहीत आहे. मी चपला काढते आहे तोवर तिनं सुरुवात केली. "रान बंद करून राहिले म्हनते. कोनी शिकलेल्या बाईनं कागद काढला. तूच होस का ते?" मी मान हलवली. "मंग बकऱ्या का तुह्या कॉम्प्युटरवर चारू?" मी रोग, विषाणू, पुढच्या पिढीचं भलं असं काहीतरी बोलत राहिले. मावशीची एक बकरी येऊन माझ्या हाताला नाक घासत होती आणि मी बोलता बोलता, तुझ्यासारखीच, तिचा कान चोळत होते. बोटाला खाच लागली. मग दुसरी. मी कान उलटून पाहिला.

"ही कोणाची, मावशी?"

"त्या इटियाडोहकडच्या मालकाची. बटईची आहे."

"मागल्या वर्षी आजारी होती? दवाखान्यात नेली होती?"

"नेली त. नाकात काडी घातली डॉक्टरनं."

"नाव कोणाचं सांगितलंस?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. "ज्याची बकरी त्याचं. गाव बी त्याचंच. तुह्या मायनं शिकवलं नाई का तुले?"

माय, इटियाडोहच्या त्या नळ्यांतल्या बकऱ्या इटियाडोहला नव्हत्याच. त्या इथे, याच अंगणात, एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून पाणी पीत होत्या. उडी नव्हती, जंगल नव्हतं. आमच्या बायका खरं बोलल्या होत्या आणि मी चुकीचं विचारलं होतं. पुण्यामुंबईच्या कुणी असं विचारलं असतं तर एक वेळ ठीक. बटईच्या घरात वाढलेल्या मुलीला 'बकरी राहते कुठं' हे विचारायचं सुचू नये, याचा मला आजही स्वतःवर राग येतो.

तिथूनच सरांना फोन केला. "उद्या बैठक आहे आणि तू हे मला आज सांगतेस? एका शेळीच्या कानावरून?" मी म्हटलं, सगळ्या नळ्या पुन्हा तपासायला हव्यात. ते म्हणाले, तपासू, पण बैठकीनंतर. उद्या नकाशा दाखव, बाकी माझ्यावर सोड. आणि मग शांतपणे, "तुझा प्रबंध या नकाशावर उभा आहे, एवढं लक्षात ठेव." फोन ठेवला. मावशी भात वाढत होती.

दुसऱ्या दिवशी उभी राहिले. सर पहिल्या रांगेत. पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. मी म्हटलं, हा नकाशा चुकला आहे, यात बकऱ्यांची घरं चुकीची आहेत, यावरून रान बंद करू नका. मग एक अधिकारी चिडून म्हणाले, "तो मॅडम, बीमारी आती कहाँ से है?" मी म्हटलं, अजून माहीत नाही. ते तेव्हा खरंच होतं. बंदीचा विषय त्या दिवशी मागे पडला. सरांनी लेख मागे घेतला आणि कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. प्रबंध पहिल्यापासून लिहावा लागला. मी घरोघर फिरले, प्रत्येक बकरी कुठे राहते आणि कधी आली ते विचारत.

आणि मग उत्तर आलं. अक्षरं पुन्हा जुळवली, घरं बरोबर लावली, तेव्हा गावामागून गाव तेच दिसू लागलं. पहिली आजारी पडलेली बकरी बटईची, नुकतीच आलेली, रोवण्याच्या टेम्पोतून उतरलेली. आता मी सांगत फिरते की नवी बकरी आणली तर काही दिवस वेगळी बांधा, लस टोचून घ्या, बटई खुशाल करा. लोक ऐकतात. मावशीसुद्धा कुरकुरत ऐकते. पण तो निकाल पडद्यावर पहिल्यांदा उमटला तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटी होते, आणि मला रडू आलं ते आनंदानं नव्हे.

कारण गोंदियाच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तू माझा हात धरून विचारलं होतंस, "खरं सांग, तू शिकलेली होस. रोग माह्या बकरीनं आनला का?" मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, मला काडीचंही माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं. तू हात सोडलास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीस, कितीतरी दिवसांनी शांत.

आता मला माहीत आहे, माय. त्या करडीचा नमुना नाही, पण मला त्याची गरजही नाही. भरल्या खोलीत मी खरं बोलले, त्याचं लोक अजून कौतुक करतात. पण तू आज पुन्हा विचारलंस ना, तरी मी नाहीच म्हणेन.