सात किल्ल्यांचा पूल आणि ओमुरकुल काका

कोचकोर, गुरुवार

आदरणीय दाजी,

ज्याने घराची मागची भिंत, अंघोळीची खोली, ट्रॅक्टरची ट्रॉली, लोकर पिंजायचं यंत्र (मोटर तेवढी आयती) आणि आता दोन ब्लॉकचेनमधला पूल, कुणाच्या शिकवणीशिवाय स्वतःच्या हातांनी उभारला, त्या जुमाकादिरचा सलाम. तुमचा गुडघा, ताईचा रक्तदाब आणि घोड्याचा खोकला कसा आहे, सवडीने कळवा. इकडे माणसं आणि मेंढरं ठीक.

पूल कसला, म्हणाल. आमच्या सौ. बुरुलचा बायकांचा गट लोकरीचे गालिचे परदेशी विकतो. गिऱ्हाइकं एका साखळीवरची, म्हणजे ब्लॉकचेनवरची, डिजिटल नाणी पाठवतात, नारिनचा लोकरवाला मात्र दुसऱ्याच साखळीवरची घेतो. आणि या दोन साखळ्या म्हणजे रुसलेल्या जावा, एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. मग नाणं पलीकडे जातं कसं? दाजी, गंमत ही की ते जातच नाही! अलीकडे मेंढी खुंटीला बांधायची, पलीकडे तिच्या नावाची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी परत आली की ती फाडायची आणि मेंढी सोडायची. (मेंढी बांधून झाली, चिठ्ठी निघायची आहे, त्या मधल्या क्षणी नाणं नेमकं असतं कुठे? हा प्रश्न मला जेवतानाही सोडत नाही. बुरुल म्हणते, "जिथे तुमचं लक्ष असतं, तिथेच असेल.")

मेंढी खरंच बांधली आहे का, हे बघून चिठ्ठीवर सही करायला राखणदार लागतात. मी सात नेमले. पाच सह्या झाल्या तरच चिठ्ठी निघते, म्हणजे एकट्यादुकट्याला लबाडी करता येत नाही. सही करायच्या अंगठ्याएवढ्या सात डिजिटल किल्ल्या मी अक्रोडाच्या डब्यांत बसवल्या (सांध्यात केस शिरणार नाही) आणि सात घरी वाटल्या. चुकलो एकाच ठिकाणी. राखणदारांत ओमुरकुल काकांना घेतलं. आता वडीलधाऱ्याच्या आधी सही करणार कोण? एकेक जण गेला आणि "काका, तुम्हीच ठेवा" म्हणून किल्ली त्यांच्या हातावर ठेवून आला. मला कुणी सांगितलं नाही.

मागच्या खेपेची नाणी अलीकडे बांधली गेली आणि पलीकडे चिठ्ठी निघेना. लोकरवाल्याने कळवलं, शुक्रवारपर्यंत थांबतो, मग माल दुसऱ्याला. लोकर गेली असती तर बायकांचा अख्खा हिवाळा हातावर हात ठेवून गेला असता. मी घरोघर फिरलो. सगळीकडे एकच उत्तर, "काकांकडे." आणि काका मेंढरं घेऊन डोंगरावरच्या कुरणात, जिथे फोन लागत नाही. घोडा काढला, चढलो. सातही किल्ल्या त्यांच्या युर्तच्या, म्हणजे तंबूच्या, लाकडी जाळीला, मिठाच्या पिशवीत टांगलेल्या. काकांनी आधी घोडीचं दूध पोट तट्ट फुगेपर्यंत पाजलं, मग म्हणाले, "सही करतो रे. पण बांधलेली मेंढी दाखव आधी."

"काका, ती बघायला रेंज लागते."

"मग न बघता करू? मला काय खुळा समजलास?"

निघालो कड्यावर, काका पुढे दौडत, मी मागे मानेला मिठी मारून (घोड्याच्या). तिथे फोनवर रेंजची एक रेघ उमटली. काकांनी चष्मा पुसला, बांधलेली नाणी नीट पाहिली आणि पाच माणसांच्या वतीने, वयाच्या क्रमाने, पाच सह्या केल्या. "ही बेक्तेमिरची. पोरगा तसा प्रामाणिक आहे," असं प्रत्येकाबद्दल बोलत.

लोकर आली. मी किल्ल्या पुन्हा वाटल्या. आठवड्याच्या आत सगळ्या परत काकांकडे.

तुमचा मेहुणा,
जुमाकादिर

ता. क. पत्र खरं यासाठी. सोबत तीन किल्ल्या आहेत (काकांना विचारूनच घेतल्या): तुमची, ताईची आणि तुमच्या धाकट्या भावाची. तीन बाहेर राहिल्या की काकांकडे चारच उरतात. आमच्यात काकांना नाही म्हणू शकणारे तुम्ही एकटे. लग्नात 'नाही' म्हणाला होतात, काका ते अजून विसरलेले नाहीत. (तिन्ही ताईकडे देऊ नका.)

ता. ता. क. अल्माटीच्या एका कंपनीने हा पूल विकत मागितला. अट एकच, सातही किल्ल्या त्यांच्या कचेरीत राहणार. मी म्हणालो, सगळ्या किल्ल्या एकाच हाती द्यायच्या असतील, तर तो हात निदान मेंढी बघितल्याशिवाय सही न करणारा असू दे. बुरुलला यातलं काही बोलू नका. रक्कम होती चौदा लाख सोम.