जाहिरातीतून हिंगोली वगळली

मंगळवार, ९ डिसेंबर २००८
कळमनुरी

पंधरा दिवस मी मुंबईच्या व्यापाऱ्यांना शिव्या घातल्या. तांड्यावरच्या बायकांच्या भरतकामाच्या पिशव्यांची इंटरनेटवरची जाहिरात मी चालवते. तिच्यावर कुणी क्लिक केलं की आमचे पैसे कापले जातात. जाहिरातीला ठरवलेली दिवसाची रक्कम दुपारी बाराच्या आत संपते आणि पिशवी एकही खपत नाही. आमचे पैसे संपावेत म्हणून तेच मुद्दाम क्लिक करतायत, अशी माझी खात्रीच.

आज नेटकॅफेत शांताबाई भेटली. पिशव्यांवरचं भरतकाम तीच करते. सोबत चार जावा.

“बाई, आमी रोज येतो. कॅफेवाला शोधून देतो. तांड्याचं नाव दिसलं की दाबतो.”

“काहून?” मी ओरडलेच.

“देवळापुढून जाताना हात जोडत न्हाई का? तसं. पाव्हण्यांला बी सांगितलंय, पार सेनगावपर्यंत!”

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी आपलं घर तपास. मी कधी ऐकलं? क्लिकचे पैसे पडतात हे यांना सांगितलं होतं का मी? नाही.

संध्याकाळी जाहिरात कुठे दिसावी त्या यादीतून आपला हिंगोलीचा भागच काढला. आता ती पुण्यात दिसेल, बंगलोरला दिसेल. पैसे वाचतील. बरोबरच केलं. केलं ना? पण उद्या दहाला त्या पाचही जणी येणार, आणि नाव दिसणार नाही. सगळ्या देशाला दिसतं, फक्त तुम्हाला नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?

निरोप धाडून सांगायची ही गोष्ट नव्हे. साडेनऊलाच जाऊन कॅफेच्या दारात उभी राहते.