सासरच्या बाया काहून बोलत नाईत

३ जानेवारी
नात शालू साकोलीहून आली. कॉलेजात राजकारण शिकते. दोन गावांची तुलना लिहून द्यायची हाय, नाई तर नापास. म्हणे, "आजी, गावं सारखी घ्यायची, फरक एकच पाहिजे. मग तो कशानं पडला ते शोधायचं."
मी म्हटलं, दोन हंड्या. तांदूळ तोच, पाणी तेवढंच. एकीतला भात कच्चा राहिला तर चूल पाह्य.
पोरीनं वहीत लिहून घेतलं. चौथी शिकलेल्या बाईचं.

६ जाने.
गावं ठरली. आंधळगावाकडचं माझं माहेर अन हे सासर. दोन्हीकडं धान, दोन्हीकडं सरपंच बाई. तिकडं ग्रा.सभेत बाया बोलतात, इथं तोंडाले कुलूप. काहून?
जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मले कोणी विचारलं नाई. आता मीच शालूसंगं घरोघरी विचारत फिरणार.

९ जाने.
दोघी माहेरी गेलो. गावची लेक आली म्हणून बाया गोळा. ग्रा.पं.ले सोलून काढलं. शालूचं पेन संपलं.

१० जाने.
इथं चौदा घरं. डोक्यावर पदर, नजर खाली. "सगळं बरं हाय जी." नळाले आठ दिवस पाणी नाई, तरी बरं हाय. मेंढरं.

१५ जाने.
शालूच्या कॉलेजातल्या सरनं कागद परत केले. विचारलं, मुलाखतीले संगं कोण होतं? शालू खोटं बोलत नाई, हाच तिचा रोग. मले सांगे ना. खोदून विचारलं तवा म्हणे, "आजी, तिथं तू लेक होती. इथं सगळ्यायची सासू."
चूल मीच निघाली.

१९ जाने.
शालूले एकटीले त्याच घरी पाठवलं. मी तांदूळ निवडत बसली. तिन्हीसांजेले आली, वही भरलेली.
"काय म्हणल्या वं?"
"नावं सांगायची नसतात."
"मले बी?"
"तुलेच नाई."
लबाड. जेवताना भातात खडे लागले. पोरगी ते बाजूले काढत जेवली.

२५ जाने.
कागद गेले. सर काय म्हणते, पाहू. पाठवण्याआधी शालूनं एकच ओळ वाचून दाखवली. एक सून म्हणली, सभेत समोरच्या खुर्चीत म्हातारी बसते, तिच्यापुढं कोण तोंड उघडन? कोणती म्हातारी, ते पोरीनं लिहिलं नाई.
उद्या ग्रा.सभा. नळाचं दरवेळी मीच बोलते. शालू म्हणे, "एकडाव घरी बसून पाह्य."
मी म्हटलं, अन कोणीच नाई बोललं, तर पाणी तुझा सर आणन काय?
हासली.
सभेले नेसायचं लुगडं धुऊन वाळत टाकलं हाय. सकाळी पाहू.