पऱ्हाटीचा निळा उजेड

॥ श्री ॥
धरमपेठ, नागपूर
५ मार्च २०२५

ती. प्रेमिलाताईस,
धाकट्या चंद्रभानचा शि. सा. न.

महत्त्वाचं ते कागदावर, हा तुझा नियम, म्हणून लिहितो. तू पाठवलेल्या पऱ्हाटीने, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांनी, काम केलं. काड्या बंद भांड्यात पाण्यासोबत तापवल्या की कार्बनचे इतके बारीक कण मिळतात की केसाच्या जाडीत दहा हजार मावतील. क्वांटम डॉट म्हणतात त्यांना. जांभळ्या दिव्याखाली ते निळे उजळतात आणि पाण्यात शिसं असलं की विझतात. माझी विद्यार्थिनी मिनल हिने ते कागदाच्या पट्ट्यांवर बसवले.

नवल असं की दुसऱ्या गावांच्या काड्या उजळत नाहीत, फक्त तुझ्याच. मिनल म्हणते, ताईंचा हात लागतो ना सर. मी हसलो, पण संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा मलाही तसंच वाटलं.

शिशाच्या संशयावरून पाच वर्षं बंद असलेल्या गावच्या विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवली. उजेड तसाच राहिला. विहीर उघडायला हरकत नाही, असं सरपंच रुपरावांना कळवलं आहे. तुझ्या सूनबाईला, कामिनीला, सहावा महिना; तिची आता टँकरच्या रांगेतून सुटका.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.
तुझा चंद्रभान


१६ मार्च

चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

नऊ तारखेले विहिरीचं कुलूप काढलं. रुपरावनं नारळ फोडला आणि पाण्याचा पहिला पितळी गुंड आपल्या कामिनीनं भरला. पाच वर्षांनी ते पाणी तोंडी लागलं. बाया मले आता शास्त्रज्ञाची बहीण म्हणून चिडवून राहिल्या. तुह्या भाऊजींनी तर चहाच तीनदा मागितला.

काड्यांचं नवल काहून करतोस गा? रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात, पऱ्हाटीले हात लावला की काळा होते. अशी घाण भावाच्या प्रयोगशाळेत पाठवली तर तिथले लोक काय म्हणतील? म्हणून मी काड्या पावडरीत दोनदा भिजवून, घासून, वाळवून मगच पोत्यात भरते. भाऊजींचं धोतर धुते तीच पावडर. तू विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तब्येतीले जप. मिनललेही आशीर्वाद.
तुही ताई


॥ श्री ॥
नागपूर, २० मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि तसाच उभा राहिलो. मग आधी रुपरावांना फोन केला. विहिरीला कुलूप लागल्याचं तू पाहिलंच असशील. का, ते सांगतो.

पांढरे कपडे झळकावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य घालतात. जांभळ्या दिव्याखाली तेही निळंच उजळतं. कापसाला ते घट्ट चिकटतं, तसंच पऱ्हाटीलाही. आम्ही काड्या विसळल्या तरी गेलं नाही. मिनलने आज न धुतलेल्या काड्या तापवल्या. अंधार. मग दुकानातली पावडर पाण्यात कालवून दिव्याखाली धरली. तोच निळा.

शिशाने उजेड विझतो असं दिसलं होतं, तेही फसवं. आमच्या शिशाच्या पाण्यात आम्ल होतं, विझवलं त्याने. विहिरीत शिसं असतं तरी ती पट्टी उजळलीच असती.

कामिनी अकरा दिवस ते पाणी प्यायली.

दोष तुझा नाही. आणलेल्या वस्तूचं आधी काय काय झालं, हे पहिल्या दिवशी विचारावं, असं मी वर्गात शिकवतो. बहिणीला विचारणं मला अविश्वासासारखं वाटलं. एकट्या तुझ्याच काड्या उजळतात, ही शंका घेण्याची जागा होती. मी तिथे कृपा पाहिली. दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवालही घेतला नाही. तो आता मागवला आहे. पाडव्याला घेऊन येतो. गावच्या सभेत मी सांगेन, तुझं नाव घेणार नाही. कामिनीचं रक्त पत्र मिळताच तपासून घ्या.

चंद्रभान


१ एप्रिल

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

पाडव्याच्या दिवशी तू न जेवता गेला. ताट झाकून ठेवलं होतं, कोणीच जेवलं नाही.

शिसं मर्यादेच्या तिपटीनं आहे, हे तू सभेत वाचलं. तुमच्या पट्टीपेक्षा आमचं जुनं कुलूप शहाणं होतं, असं रुपराव बोलला, ते मनाले लावून घेऊ नको. त्याचीही नात तेच पाणी प्यायली. विहिरीवर तसं लिहून खाली सही करा, असं त्यानं म्हटलं, तर तू केली. एवढा मोठा प्रोफेसर, ब्रश घेऊन भुईवर बसला तू.

कामिनीचं रक्त सावनेरले तपासलं. डॉक्टर म्हणे, आज भिण्यासारखं नाही, महिन्यानं पुन्हा पाहू. तोवर आम्ही सारे दिवस मोजून राहिलो.

तू गेल्यावर बाया विहिरीपाशीच होत्या. काड्या कोणाच्या, हे कोणी विचारलं नाही. मले ते सोसलं नाही. 'हे पाणी पिऊ नये' आणि त्याखाली तुही सही, रंग ओलाच होता. मी ब्रश घेतला आणि तुह्या सहीखाली माहं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. रंगाचा डबा कामिनीनं धरला होता.

पुढच्या रविवारी जेवायले ये. माया कमी करू नको.
तुही प्रेमिलाताई