भोंग्याजवळची टोपली

३ तारीख, सोमवार
दवाखान्यातल्या नर्सबाईंनी चिठ्ठी दिली. बबडीचे कान तपासून घ्या म्हणे. पाच महिन्यांची झाली, हाकेला वळत नाही. वळेल की. मी तरी कुठं सगळ्यांच्या हाकेला वळते? घाबरलेबिबरले नाहीये. या शनिवारी जायचं. नक्की.

४, मंगळवार
शनिवारी गर्दी असते. पुढच्या आठवड्यात बघू.
कामावर नुसती गडबड. मी जिथं झाडू-पोछा करते तिथं वर आकाशात सोडलेल्या दुर्बिणीचं काम चालतं. एक मेलेला तारा आहे, भयंकर ताकदीचं लोहचुंबक. मॅग्नेटार म्हणतात. इतके दिवस गप पडून होता, आता रोज भडकतोय. भडकला की दुर्बीण टिपते आणि इथं खोलीत भोंगा वाजतो. आज तीनदा वाजला. माझी बादली दोनदा सांडली.
चष्मेवाल्या मॅडमना विचारलं, तारा एवढा ओरडतो? हसल्या. म्हणाल्या, अगं, तिथं हवाच नाही, आवाज कुठला? भोंगा आपण लावलाय, आपलं लक्ष जावं म्हणून.
म्हणजे तिथं कुणालाच ऐकू येत नाही. बरं वाटलं.

५, बुधवार
सासूबाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता तोंड मिटत नाही. बोलणं वेगळं, ऐकणं वेगळं. पण मी मान डोलावली. नवरा म्हणाला, तपासणीला रजा काढू का? मी म्हटलं, कशाला उगाच वाया घालवायची.
दुपारी हातातून थाळी पडली. बबडीच्या मागेच. ती अंगठा चोखत होती. थाळी हलकी होती.

६, गुरुवार
उद्या बबडीला कामावर नेणार. सासूबाईंचे गुडघे दुखतायत म्हणून. दुसरं काही कारण नाही.
सासूबाई म्हणतात, माझे कुठं दुखतायत?

७, शुक्रवार, दुपारी
बबडीची टोपली टेबलाखाली ठेवली, भोंग्याच्या स्पीकरच्या शेजारी. तिथं वारा लागत नाही. धूळ पुसताना आवाजाचं बटण जरा फिरलं असेल. पूर्ण फिरलं.
अकरा वाजले तरी काही नाही. मनात म्हटलं, भडक की रे बाबा, रोज तर भडकतोस. तोवर बबडीला झोप लागली.
साडेअकराला भोंगा. बापरे! मोठ्या साहेबांचा चहा कीबोर्डवर. सगळे कानांवर हात ठेवून उठले, मग पडद्यावर बघून नाचायलाच लागले. आजवरचा सगळ्यात मोठा भडका. निघाला हजारो वर्षांपूर्वी, पोचला आज. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात खेळ खलास.
मी टोपलीत वाकले. पापणीसुद्धा हलली नव्हती.
मॅडम म्हणाल्या, किती गुणी लेक गं तुझी! साहेब म्हणाले, आमच्यापेक्षा धीट आहे, हिलाच ड्युटी लावा. सगळे हसले. मी पण हसले.

तीच तारीख, संध्याकाळी
झोपेत कुणाला ऐकू येतं? ही काय परीक्षा झाली? जागी असती तर वळली असती. झोप बापावर गेलीय.

१०, सोमवार
बटणावर आता चिकटपट्टी. कुणी फिरवलं, साहेबांनी विचारलं. मी झाडत राहिले.
नंतर मॅडम जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, दवाखान्यात कधी नेतेस तिला? मी म्हटलं, कुणाला? जाताना म्हणाल्या, उद्याची तुझी सुट्टी मी लिहून टाकलीय.

११, मंगळवार
तपासणी झाली. नवरा बरोबर होता. बबडीच्या डोक्याला वायरी लावल्या. ती झोपून राहिली.
डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन्ही कान. मशीन लावता येईल, बघू किती फरक पडतो. लवकर आलात ते बरं केलंत.
मग फॉर्म भरायला घेतला. आईच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं, असं विचारलं.
मी म्हटलं, तिसऱ्या आठवड्यात. वाऱ्यानं दार आपटलं होतं, तेव्हा.
नवरा माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं.