तिसऱ्या वर्षाचा धडा

आई,

गेल्या आठवड्यात आपल्या देवळात शिबिर झालं. ख्रिस्ती मंडळीच्या सभासदांसाठी आणि पुढाऱ्यांसाठी, असं बाहेरच्या फळ्यावर लिहिलं होतं. वचन कसं सांगावं, आजाऱ्याच्या घरी जाऊन काय बोलावं, सभा कशी चालवावी, असलं सगळं. शिकवायला आलेली पाळकबाई तिशीची असेल. जेवायच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून तिनं विचारलं, "तुमच्या घरात आधी कुणी असं प्रशिक्षण घेतलं होतं का?" मी म्हटलं, आईनं घेतलं होतं, पण पुरं झालं नाही. तिनं "का?" विचारलं आणि तेवढ्यात ताटं आली, तो विषय राहून गेला. जुळे सोलापूरच्या या फ्लॅटवर परत आले तरी तो "का" डोक्यातून जाईना. तिला सांगायचं झालं तर कुठून सुरुवात करायची, हेच कळत नाही. म्हणून आधी तुला लिहितेय. तुला तर सगळं ठाऊक आहे, फक्त आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही.

दुष्काळाची वर्षं होती ती. बाबा जाऊन बराच काळ झाला होता, तू विड्या वळायचीस आणि मी मॅट्रिकला होते. एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशपीठावरून सांगितलं, की खेड्यापाड्यातल्या लहान लहान मंडळ्यांना पाळक पुरत नाहीत, म्हणून आपल्यातल्याच लोकांना उपदेशक म्हणून तयार करायचं. तीन वर्षांचा अभ्यास, दर शनिवारी दुपारी वर्ग. "बायकांनीही यावं," असं ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, असं मला आजही वाटतं. तू घरी येऊन पदर खोचलास, चूल पेटवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "म्या नाव दिलं." वर्गात बाकी सगळे पुरुष. गिरणीतले दोघे-तिघे, एक शाळामास्तर, एक दवाखान्यातला कंपाउंडर. तुझं शिक्षण चौथीपर्यंतचं.

ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. दाराशी उजेडात तू बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं आपली आपण चालतात. मी समोर बसून धडा वाचते, तू माझ्यामागून म्हणतेस. मधेच थांबवतेस. "थांब जरा. दया आणि कृपा एकच की. मग दोन शबुद कशाला?" मला सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी तू ते वर्गात विचारतेस आणि संध्याकाळी उजळलेल्या चेहऱ्यानं घरी येतेस. "साहेबांनी माझा सवाल फळ्यावर लिवला. म्हणाले, जे भोगायचं ते चुकलं तर दया, जे मिळायचं नव्हतं ते मिळालं तर कृपा." बाबा गेल्यापासून तुला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. तुझा पहिला उपदेश मीच बसून ऐकला, आणि शहाणपणानं म्हटलं, "आई, न्हाय नको म्हणूस, नाही म्हण." तू सुपातून मान वर केलीस. "मला खेड्यापाड्यात जायचंय, रेडिओवर न्हाय. आणि तुझी आई कशी बोलती याची लाज वाटत असंल तर तू येऊ नगंस." तेवढंच बोललीस. मग पुन्हा पानाला हात घातलास.

मी येत गेले. दुसऱ्या वर्षी शिकाऊ उपदेशकांना गावं वाटून दिली. तुझ्या वाट्याला सांगोल्याच्या पलीकडचं एक गाव आलं. आपल्या लोकांची सात-आठ घरं, देऊळ नाहीच, लिंबाखाली प्रार्थना. एस.टी.नं उतरून पुढं चालत जायचं. माणसं सगळी पाझर तलावाच्या कामावर. बायका खडी फोडायच्या आणि रविवारी हाताच्या चिंध्या न सोडताच येऊन बसायच्या. त्यांच्यात एक पोरगी होती, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी, दिवस भरत आलेले. तुझ्या उपदेशाला ती सगळ्यांत पुढं बसायची आणि गाणं संपलं तरी ओठ हलवत राहायची. तू तिला म्हणालीस, "बाई, आता कामावर जाऊ नगंस." ती हसली. "अक्का, न जाऊन काय खाऊ?"

पुढच्या खेपेला आपण पोचलो तेव्हा ती घरात खाली निजवलेली होती. आदल्या दिवशी खडीवरच चक्कर येऊन पडली होती. पहाटे मूल झालं ते मेलेलं, आणि तासाभरात तीही गेली. पाण्याचा टँकर सांगोल्याला परत निघाला होता, त्याच्यावर तिच्या दिराला बसवून पाळकसाहेबांना फोन करायला पाठवलं. तो दुपारी निरोप घेऊन आला. साहेब बैठकीला परगावी गेलेत, परवाच्या आत येणं व्हायचं नाही. ऊन असं, की पत्र्याला हात लावता येत नव्हता. घरात वास सुटायला लागला होता. तिचा नवरा आला आणि तुझ्यासमोर खाली बसला. "अक्का, तुमीच करा की."

तू म्हणालीस, "मला तो अधिकार न्हाय. ते अजून शिकवलंबी न्हाय आमाला. ते तिसऱ्या वर्षाला हाय."

"मग तिला तशीच पुरू का? मातीत नुसती टाकू?"

तू उठलीस आणि माझ्याकडून पाणी मागून हात धुतलेस. गावाची स्मशानभूमी आपल्यासाठी नव्हती. ओढ्याकाठी खडकाळ जागा होती, तिथं पुरुषांनी पहारी घेऊन खड्डा काढला. मूल तिच्या कुशीत ठेवलं. बाबांच्या वेळी ऐकलेलं जे आठवलं ते तू म्हणालीस, जे नाही आठवलं तिथं आपल्या भाषेत बोललीस. "ही लई दमलीया, हिला आता निजू दे," असं देवाला म्हणालीस. तिचा नवरा तोवर दगडासारखा उभा होता, तो तेव्हा रडला.

पंधरवड्यानं तुला मंडळीच्या कमिटीपुढं बोलावलं. मी दाराबाहेर बाकावर होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आज दफन केलं, उद्या बाप्तिस्मा द्याल. मग पाळक कशाला ठेवायचा?" तू म्हणालीस, "परेत वाट बघत न्हाय, दादा." मग पाळकसाहेब बोलले. त्यांचा आवाज खाली होता. "बाई, नियम मी केलेले नाहीत. तुम्ही चूक कबूल करा, मी वर्ग चालू ठेवायला सांगतो." तू विचारलंस, "काय चुकलं म्हणून सांगू?" तुझं नाव वर्गातून काढलं. बाहेर आलीस तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. रस्त्यात म्हणालीस, "पानं भिजत घालायची राहिली." एवढं तू सोसलं असतंस, मला खात्री आहे. दुसऱ्याच दिवशी सूप घेऊन बसलीस आणि जुने धडे पुन्हा वाचायला लावलेस.

पण कमिटीला तेवढं पुरलं नाही. आधीचं दफन रीतसर नव्हतं, म्हणून साहेबांनी तिथं जाऊन कबरेवर पुन्हा विधी करावा असं ठरलं, आणि ते गेले. काही दिवसांनी तिचा नवरा सोलापूरला आला, विचारत विचारत आपल्या घरी. उंबऱ्याशी बसला. तू पाणी दिलंस. तो पाणी तसंच हातात धरून बसला आणि म्हणाला, "अक्का, साहेब म्हणाले आता ती देवाच्या हवाली झाली. मग इतके दिवस ती कुटं हुती?" भांडायला आला नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आणि लेकरू? साहेबांनी लेकराचं नाव काढलं न्हाय. त्ये कुटं हाय?"

तो उत्तराची वाट बघत थांबला, मग भांडं खाली ठेवून गेला. तू तिथंच बसून राहिलीस. मी चहा करून आणला तेव्हा म्हणालीस, "हे शिकवलंच न्हाय गं कुनी."

त्यानंतर तू धडा वाचायला सांगितला नाहीस. देवळात जायचीस, शेवटच्या बाकावर बसायचीस, गाण्यालाही ओठ हलवायची नाहीस. खोकला आधीपासून होता, तो छातीत उतरला. मला मास्तरणीच्या कोर्सला घातलंस तेव्हा फक्त म्हणालीस, "पुरं करून ये." मी पुरं केलं, नोकरीला लागले, आणि पहिल्याच वर्षी तू गेलीस. दफन त्याच पाळकसाहेबांनी केलं. अगदी रीतसर. तुला विश्वासू भगिनी म्हणाले. ते वाईट नव्हते गं. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. आता तेही नाहीत.

हे पाळकबाईला सांगेन की नाही, माहीत नाही. सांगितलं तर ती माझा हात हातात घेईल, आता काळ बदललाय म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण एक तिलाही सांगणार नाही, तुलाच सांगते. दर रविवारी मी जाते, सगळ्यांबरोबर उभी राहते, प्रभूची प्रार्थना म्हणते. त्यात, आम्ही इतरांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर, ही ओळ येते तेव्हा ओठ मिटून घेते. इतकी वर्षं झाली, शेजारच्या कुणाच्या लक्षात आलेलं नाही.